पापनिवेदनाची भाषा : फिलिपिन्समधील मिशनरी धर्मगुरू आणि होजे रिझाल यांच्या दोन कादंबऱ्या

होजे रिझाल यांची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी मनिलामधल्या एका मेजवानीने सुरू होते. काप्तान तियागो या धनिकाच्या घरी स्पॅनिश अधिकारी, व्यापारी आणि धर्मगुरू जमले आहेत. त्यांत सर्वांत मोठा आवाज आहे पाद्रे दामासो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचा. स्पेनहून नुकत्याच आलेल्या एका तरुणाला तो या देशातल्या आपल्या दीर्घ वास्तव्याचा अनुभव ऐकवतो आहे. बोलण्याच्या ओघात तो सांगून जातो, की पहिल्या गावी गेलो तेव्हा तागालोग भाषा आपल्याला धड येत नव्हती. तरी बायकांचे पापनिवेदन आपण ऐकत होतो आणि दोन्ही बाजूंना एकमेकांचे उमजत होते.

वाक्य हसण्यावारी जाते, संभाषण पुढे सरकते. पहिल्या वाचनात मीही ते तसेच जाऊ दिले होते. ‘नोली’ १८८७ मध्ये बर्लिनला छापली गेली. मनिलातल्या सेंट थॉमस विद्यापीठाच्या समितीने ती पाखंडी ठरवली, सरकारी सेन्सॉरने तिच्यावर बंदीची शिफारस केली. पुढे तिच्या लेखकाला ३० डिसेंबर १८९६ रोजी गोळ्या घालून ठार करण्यात आले. असा इतिहास पाठीशी असलेले पुस्तक आपण आधीच ठरलेल्या नजरेने वाचतो. दामासो म्हणजे खलनायक, कादंबरी म्हणजे धर्मगुरूंवरचे आरोपपत्र आणि रिझाल म्हणजे धर्मसत्तेविरुद्ध उभा राहिलेला विवेकवादी, असा हिशेब मांडून मोकळे होतो. हा हिशेब खोटा नाही, पण तो फार लवकर मिटतो. दामासोच्या त्या वाक्यात एक प्रश्न दडलेला आहे. भाषा न येणाऱ्या धर्मगुरूला बायकांचे काय उमजले? त्याहून महत्त्वाचे, त्याच्याशी बोलणाऱ्या बायकांना काय उमजले? फिलिपिन्समधल्या मिशनरी धर्मगुरूंचा सव्वातीनशे वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो आणि रिझाल यांच्या दोन्ही कादंबऱ्यांचे बळ व त्यांची मर्यादा याच प्रश्नाने मोजता येते, असे माझे म्हणणे आहे.

एक कबुली आधीच देतो. या कादंबऱ्या मी इंग्रजी भाषांतरांतून वाचल्या आणि महत्त्वाचे उतारे कोश हाताशी घेऊन मूळ स्पॅनिशशी ताडून पाहिले. भाषेच्या मध्यस्थीविषयी लिहिणाऱ्याने स्वतःची मध्यस्थी झाकून ठेवू नये.

बेटांची वाटणी, भाषांची वाटणी

या बेटांत ख्रिस्ती धर्माचे पहिले पाऊल १५२१ मध्ये पडले. मॅगेलनच्या जहाजांबरोबर आलेल्या धर्मगुरूने मिस्सा अर्पण केली, सेबूच्या राजा हुमाबोनचा बाप्तिस्मा झाला, त्याच्या राणीला बाळ येशूची मूर्ती भेट मिळाली. दोनच आठवड्यांत माक्तान बेटावर लापुलापूच्या लोकांनी मॅगेलनला ठार केले आणि उरलेले स्पॅनिश निघून गेले. मूर्ती मात्र मागे राहिली. १५६५ मध्ये लेगास्पीची मोहीम सेबूला आली तेव्हा ती एका घरात सापडली आणि आजही ती तिथल्या मंदिरात आहे. धर्मगुरू नसताना ४४ वर्षे त्या मूर्तीचा लोकांनी काय अर्थ लावला असेल, हा प्रश्न पुढच्या साऱ्या इतिहासावर सावलीसारखा पडलेला आहे.

खरी सुरुवात १५६५ ची. लेगास्पीबरोबर पाच ऑगस्टिनियन आले. त्यांतले आंद्रेस दे उर्दानेता यांनी पॅसिफिक महासागर ओलांडून मेक्सिकोला परतण्याचा जलमार्ग शोधला आणि त्यामुळे ही वसाहत टिकली. पाठोपाठ १५७८ मध्ये फ्रान्सिस्कन, १५८१ मध्ये जेझुइट, १५८७ मध्ये डॉमिनिकन आणि १६०६ मध्ये रेकोलेक्ट आले. १५९४ मध्ये राजाज्ञेने या संघांमध्ये बेटांची वाटणी झाली. वाटणीचा आधार होता भाषा. एका संघाने शक्यतो एका भाषेच्या मुलखात काम करावे, म्हणजे धर्मगुरूंना प्रत्येक बदलीबरोबर नवी भाषा शिकावी लागणार नाही.

या निर्णयाचे परिणाम दूरवर गेले. मेक्सिको किंवा पेरूप्रमाणे इथे स्पॅनिश लोकांच्या मोठ्या वस्त्या झाल्या नाहीत. बहुतेक गावांत धर्मगुरू हाच एकमेव स्पॅनिश माणूस असे. विखुरलेल्या पाड्यांना एकत्र आणून चर्चच्या घंटेच्या टापूत वसवण्याचे धोरण त्यांनीच राबवले. घंटा ऐकू येते तिथपर्यंत गाव, अशी ती व्याख्या होती. लोकांना स्पॅनिश शिकवण्यापेक्षा धर्मगुरूने लोकांची भाषा शिकणे अधिक सोयीचे ठरले. त्यातून व्याकरणे आली, शब्दकोश आले. फ्रान्सिस्को ब्लांकास दे सान होसे या डॉमिनिकन धर्मगुरूचे तागालोग व्याकरण १६१० मध्ये निघाले आणि ते छापले तोमास पिनपिन या तागालोग मुद्रकाने. त्याच वर्षी पिनपिनने स्वतः लिहिलेले पुस्तकही निघाले. ते तागालोग लोकांना स्पॅनिश शिकवण्यासाठी होते. एकाच छापखान्यातून, एकाच वर्षी, दोन विरुद्ध दिशांनी जाणारी ही दोन पुस्तके निघाली. धर्मगुरूला तागालोग हवी होती, तागालोग माणसाला स्पॅनिश. पुढच्या तीन शतकांत पहिली दिशा राजमार्ग झाली आणि दुसरीवर पहारा बसला.

या पहिल्या पिढीला एका रंगात रंगवणे अन्यायाचे होईल. मार्तीन दे रादा या ऑगस्टिनियनाने १५७४ मध्येच लेखी मत नोंदवून ठेवले होते, की इथल्या लोकांकडून घेतली जाणारी खंडणी अन्यायाची आहे. मनिलाचे पहिले बिशप दोमिंगो दे सालाझार यांनी १५८२ मध्ये धर्मगुरूंची परिषद भरवून स्पॅनिश जमीनदार-अधिकाऱ्यांच्या जुलमाचा जाब विचारला. लोकांची जुनी लिपी मिशनऱ्यांनी जाळून टाकली, असे सरसकट सांगितले जाते. पण बेटांवरचे एक अगदी आरंभीचे छापील पुस्तक, १५९३ ची ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’, हे स्पॅनिशबरोबर तागालोगमध्ये आहे आणि त्यातला तागालोग मजकूर रोमनबरोबर जुन्या बायबायिन लिपीतही कोरलेला आहे. तिची ज्ञात असलेली एकमेव प्रत आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

भाषांतर न केलेले शब्द

त्या ‘दोक्त्रिने’त एक गोष्ट ठळक दिसते. वाक्ये तागालोग आहेत, पण देवाला ‘दिओस’ म्हटले आहे. तागालोग लोकांपाशी ‘बाथाला’ हा शब्द होता, तो मिशनऱ्यांनी टाळला. पवित्र आत्मा, कुमारी माता, चर्च, क्रूस यांसाठीही स्पॅनिश शब्दच ठेवले. इतिहासकार व्हिसेंते राफाएल यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात या टाळाटाळीचा अर्थ उलगडला आहे. भाषांतर केले तर जुन्या देवांचे अर्थ नव्या देवाला चिकटतील, ही भीती त्यामागे होती. म्हणून जे सर्वांत पवित्र, ते भाषांतराच्या पलीकडे ठेवायचे. देव परक्या भाषेचा आणि पाप मात्र आपल्या भाषेतले, अशी ही विभागणी झाली.

मराठी वाचकाला इथे फादर थॉमस स्टीफन्स आठवल्यावाचून राहणार नाहीत. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ चे, म्हणजे ‘दोक्त्रिने’नंतर २३ वर्षांचे. स्टीफन्स यांनी ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला आणि परमेश्वर, वैकुंठ असे शब्द बिनदिक्कत वापरले. काही पोर्तुगीज-लॅटिन शब्द त्यांनीही तसेच ठेवले, पण पवित्र गोष्ट मराठीत सांगताच येणार नाही असे त्यांनी मानले नाही. हा फरक केवळ स्वभावाचा नव्हता. गोव्यातल्या मिशनऱ्यासमोर लिखित पुराणपरंपरा आणि त्या पुराणाची गोडी लागलेला श्रोता उभा होता. मनिलातल्या मिशनऱ्याला तसा ग्रंथव्यवहार समोर दिसला नाही आणि जे मौखिक होते त्याचे मोल त्याने कमी धरले.

वसईचा एक माणूस या दोन जगांच्या मधोमध उभा आहे. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. जेझुइटांच्या बरोबर ते जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पण येशूसंघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. पुढे व्यापार केला आणि अखेर मनिलाला जाऊन ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले; तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून. मनिलाच्या गव्हर्नरने जपानला पाठवलेल्या फ्रान्सिस्कन वकिलातीत ते दुभाषे होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर चढवलेल्या २६ जणांत ते होते आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. ज्याच्या जिभेवर वकिलात चालत होती, तो वेदीवर उभा राहण्याइतका आपला मानला गेला नाही. भाषा जाणणारा मध्यस्थ हवा, पण तो धर्मगुरू नको, ही मनोवृत्ती फिलिपिन्समध्ये पुढे तीन शतके चालली.

राफाएल यांचे आणखी एक निरीक्षण आपल्या प्रश्नाशी थेट भिडते. मिशनऱ्यांनी पापनिवेदनासाठी प्रश्नावल्या रचल्या. सेबास्तियान दे तोतानेस या फ्रान्सिस्कनाची १७४५ ची पुस्तिका अशा कामासाठीच होती. धर्मगुरूने तागालोगमध्ये काय विचारायचे, ते तयार मिळे. येणारे उत्तर मात्र तयार नसे. लोक स्वतःच्या पापांऐवजी नवऱ्याची, सासूची, शेजाऱ्याची पापे सांगतात, प्रश्न एक आणि उत्तर भलतेच देतात, अशा तक्रारी मिशनरी लेखनात भेटतात. मिशनऱ्यांनी याला अज्ञान म्हटले. राफाएल यांना त्यात देवाणघेवाणीची एक वेगळी रीत दिसते. धर्मगुरू मागतो त्याला काहीतरी द्यायचे, पण तो मागतो तेच द्यायचे असे नाही. दामासोला जे ‘उमजत होते’, त्याची ही पूर्वपीठिका आहे.

धर्मग्राम कुणाचा?

रिझाल यांच्याकडे वळण्याआधी एक भांडण समजून घ्यावे लागते. त्याशिवाय दोन्ही कादंबऱ्यांतले धर्मगुरू एकसारखे दिसतात. कॅथलिक धर्मगुरू दोन प्रकारचे असतात. ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन असे संघांचे व्रतस्थ धर्मगुरू. ते आपल्या संघाच्या वरिष्ठांना बांधील असतात. दुसरे धर्मप्रांतीय धर्मगुरू. ते बिशपच्या अधिकाराखाली असतात. नियमाने पाहता मिशनरी संघाने श्रद्धेची पायाभरणी करावी, मग धर्मग्राम धर्मप्रांतीय धर्मगुरूंच्या स्वाधीन करून पुढे जावे. फिलिपिन्समध्ये संघ पुढे गेलेच नाहीत. धर्मप्रांतीय धर्मगुरू बहुधा इथलेच असत आणि संघांचे धर्मगुरू बहुतेक स्पेनचे. त्यामुळे धर्मग्राम कुणाचा, या चर्चच्या अंतर्गत प्रश्नाला वंशाचा प्रश्न चिकटला.

१७६८ मध्ये जेझुइटांना बेटांवरून हाकलण्यात आले. त्याच सुमारास आर्चबिशप सांचो दे सांता हुस्ता यांनी घाईघाईने स्थानिक तरुणांना दीक्षा देऊन धर्मग्रामांवर नेमायला सुरुवात केली. होड्या वल्हवायला माणसे मिळेनाशी झाली, कारण आर्चबिशपांनी सगळ्यांना धर्मगुरू करून टाकले, असा विनोद तेव्हा मनिलात फिरत होता. घाईत झालेल्या त्या प्रयोगाचा दोष पुढे शंभर वर्षे स्थानिक धर्मगुरूंच्या माथी मारला गेला. १८५९ मध्ये जेझुइट परतले, त्यांना मिंदानाओ बेट मिळाले, तिथून हललेल्या रेकोलेक्टांना भरपाई म्हणून मनिला परिसरातले धर्मग्राम मिळाले आणि ते ज्यांच्याकडून काढून घेतले गेले ते स्थानिक धर्मगुरू होते. त्यांची बाजू मांडणारे फादर पेद्रो पेलाएस १८६३ च्या भूकंपात मनिलाच्या कॅथीड्रलखाली गाडले गेले. मग ते काम त्यांचे शिष्य होसे बुर्गोस यांच्याकडे आले.

२० जानेवारी १८७२ रोजी काविते इथल्या शस्त्रागारात बंड झाले. त्याचे सूत्रधार ठरवून मारियानो गोमेस, होसे बुर्गोस आणि हासिंतो सामोरा या तीन धर्मप्रांतीय धर्मगुरूंना १७ फेब्रुवारीला मनिलाच्या बागुम्बायान मैदानावर गळफासाच्या यंत्राने ठार करण्यात आले. त्यांची धर्मगुरुपदाची वस्त्रे उतरवण्यास आर्चबिशपांनी नकार दिला होता. रिझाल तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांचे थोरले बंधू पासियानो हे बुर्गोस यांच्या सहवासात वाढलेले विद्यार्थी. १८९१ मध्ये गेंट इथे छापलेली ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ ही दुसरी कादंबरी रिझाल यांनी या तिघांना अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेत फाशीची तारीख चुकीची, २८ फेब्रुवारी अशी पडली आहे. खटल्याची कागदपत्रे कुणाला पाहायलाच मिळाली नव्हती. घरात कुजबुजून सांगितलेल्या गोष्टीतून तो इतिहास त्यांच्यापर्यंत आला होता. ती चुकलेली तारीख त्या कुजबुजीची खूण म्हणून मी वाचतो.

दामासो आणि फ्लोरेन्तिनो

आता दामासोकडे परत येऊ. कथानायक क्रिसोस्तोमो इबारा युरोपातून सात वर्षांनी परततो आणि त्याला कळते, की आपले वडील तुरुंगात मेले, त्यांचे प्रेत दामासोच्या हुकमावरून कबरीतून उकरले गेले आणि पावसाच्या रात्री ते वाहून नेणाऱ्यांनी ओझे नको म्हणून सरोवरात टाकले. एवढ्यावर दामासो राक्षस ठरतो. पण रिझाल तिथे थांबत नाहीत. सान दिएगो गावच्या सणाला दामासो प्रवचन देतो. पहिला भाग स्पॅनिशमध्ये. त्यातून गावकऱ्यांच्या हाती शिपाई, दरोडेखोर, संतांची नावे असे सुटे शब्द तेवढे लागतात. या शब्दांवरून आणि हातवाऱ्यांवरून ते आपापली गोष्ट जुळवतात. दुसरा भाग तागालोगमध्ये. तो दामासोने तयारी न करता ठोकून दिला आहे, कारण या लोकांसमोर चुकण्याची त्याला भीती वाटत नाही. राफाएल यांचा ग्रंथ याच प्रसंगाने सुरू होतो, हा योगायोग नव्हे. तीन शतकांपूर्वी व्याकरणे लिहिणाऱ्या धर्मगुरूंचा वारस आता लोकांच्या भाषेत वाटेल ते बोलू शकतो. शिकण्यातला आदर गेला, सत्ता उरली.

दामासोचे खरे रूप मात्र शेवटाकडे उघडते. इबाराची वाग्दत्त वधू मारिया क्लारा ही दामासोचीच मुलगी आहे. तिने मठात जाण्याचा हट्ट धरल्यावर हा दांडगा माणूस रडतो. आपण तिचे लग्न का मोडले, हे तो सांगतो. या देशातल्या माणसाची बायको झालीस तर दुःखी पत्नी आणि दुःखी आई होशील, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. या देशातल्या घराचे काय होते, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? ते त्यानेच केले आहे. त्याचे प्रेम खरे आहे आणि तेच त्याच्याविरुद्धची साक्ष ठरते. रिझाल यांनी दामासोला केवळ दुष्ट केले असते, तर हे वाक्य त्याच्या तोंडी आले नसते. ज्या टीकाकारांना दामासो एकसुरी वाटतो, त्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे.

‘फिलिबुस्तेरिस्मो’मध्ये भाषेचा प्रश्न उघड कथानक होऊन येतो. मनिलाचे विद्यार्थी स्पॅनिश शिकवणारी अकादमी मागतात. मागणी राजनिष्ठ आहे, सरकारच्या धोरणाशी जुळणारी आहे. १८६३ च्या आदेशाने प्राथमिक शाळांत स्पॅनिश शिकवायला सांगितलेच होते. पण शाळांची स्थानिक देखरेख धर्मगुरूकडे आणि लोकांना स्पॅनिश आली की मध्यस्थाची गरज संपते. अकादमीला परवानगी मिळते ती धर्मगुरूंच्या ताब्यात ठेवून. विद्यार्थ्यांकडे काम उरते वर्गणी गोळा करण्याचे. पिनपिनच्या पुस्तकाची दिशा २८० वर्षांनंतरही अडवलेलीच आहे.

या कादंबरीत पाद्रे फ्लोरेन्तिनो येतो. तो स्थानिक, धर्मप्रांतीय धर्मगुरू. आईच्या नवसापायी त्याने दीक्षा घेतली, मनातली मुलगी सोडली. १८७२ नंतर त्याने आपण होऊन धर्मग्राम सोडला, कारण चांगले उत्पन्न असलेल्या स्थानिक धर्मगुरूवर नजर पडणे धोक्याचे होते. पहिल्यांदा तो आपल्याला भेटतो तो आगबोटीवर. वरच्या डेकवर स्पॅनिश मंडळी आणि संघांचे धर्मगुरू; हा खालच्या डेकवर, गर्दीत. कप्तानाने आग्रह केल्यावरच तो वर जातो आणि पुतण्याला सांगतो, की तू तिकडे फिरकू नकोस. पूर्ण धर्मव्यवस्थेचे चित्र त्या दोन मजल्यांत मावले आहे.

कादंबरीच्या अखेरीस सूड फसलेला, विष प्यायलेला सिमून, म्हणजे वेश पालटलेला इबारा, याच फ्लोरेन्तिनोच्या घरी येतो आणि आपले सारे आयुष्य त्याच्यापुढे मोकळे करतो. हेही पापनिवेदनच आहे. दोन्ही कादंबऱ्या सलग वाचल्या तर त्यांची दोन टोके अशी दिसतात: सुरुवातीला भाषा न येता पापनिवेदन ऐकणारा परका धर्मगुरू आणि शेवटी बोलणाऱ्याचे दुःख शब्दागणिक समजणारा आपला धर्मगुरू. शेवटचा शब्द रिझाल यांनी कुण्या बंडखोराला दिलेला नाही, त्याच्याकडे दिला आहे. सिमूनच्या जडजवाहिराची पेटी समुद्रात फेकणारा हातही त्याचाच. धर्म नाकारणाऱ्या लेखकाने असा शेवट केला नसता. रिझाल यांचा राग धर्मगुरुपदावर नाही, ते पद अडवून बसलेल्यांवर आहे.

रिझाल यांना जे दिसले नाही

पण इथेच माझे रिझाल यांच्याशीही भांडण आहे. त्यांच्या कादंबऱ्यांतले साधे भाविक आठवा. पुण्याचा हिशेब मांडत एकमेकींशी हुज्जत घालणाऱ्या बाया, श्रद्धाही पैशाने विकत घेणारा काप्तान तियागो. त्यांच्याकडे रिझाल उपहासाने पाहतात. पोरांसाठी वेडी झालेली सीसा करुणा जागवते, पण तिची श्रद्धा काय होती हे कळत नाही. धर्मगुरूने लोकांना काय केले, हे रिझाल यांनी दाखवले. लोकांनी धर्माचे काय केले, हे त्यांच्या पानांवर जवळजवळ नाही.

ते शोधायला ‘पास्योन’कडे जावे लागते. ख्रिस्ताच्या दुःखसहनाची ही तागालोग पद्यकथा पवित्र आठवड्यात घरोघरी सलग गायली जाते. आपल्याकडच्या पोथीवाचनासारखीच घरातली मंडळी आळीपाळीने बसतात. गास्पार आकिनो दे बेलेन या तागालोग कवीची पास्योन अठराव्या शतकाच्या आरंभीची. जिचा सर्वाधिक प्रसार झाला ती निनावी पास्योन १८१४ ची. चर्चच्या मान्यतेने छापलेली ही पुस्तके होती. रेनाल्दो इलेतो यांनी १९७९ च्या ‘पास्योन अँड रेव्होल्यूशन’ या ग्रंथात दाखवले, की शेतकऱ्यांनी त्यांतला ख्रिस्त आपल्यासारखा वाचला. गरीब घरातला, आईचा निरोप घेऊन निघालेला, पुरोहित आणि सुभेदार यांच्या संगनमताने मारला गेलेला. धर्मगुरूंनी सहनशीलता शिकवण्यासाठी दिलेल्या कथेत लोकांना बंडाची भाषा सापडली.

आपोलिनारियो दे ला क्रूस, म्हणजे हेर्मानो पुले, हे त्याचे उदाहरण. संघात दाखल होण्याची त्याची इच्छा, स्थानिक म्हणून, नाकारली गेली. १८३२ मध्ये त्याने सेंट जोसेफच्या नावाने भाविकांचे मंडळ काढले. त्यात स्थानिकांनाच मुक्त प्रवेश होता. मान्यतेसाठी त्याने अर्ज केले, ते फेटाळले गेले. १८४१ मध्ये लष्कर पाठवून मंडळ चिरडले आणि त्याला देहान्त शिक्षा झाली. मंडळात प्रार्थना होत्या, जपमाळ होती, पास्योन होती. पाखंड म्हणावे असे त्यात फार थोडे होते. गुन्हा एवढाच, की धर्मगुरूशिवाय लोक देवाशी बोलू लागले होते.

इलेतो यांच्यावरही आक्षेप घेता येतो. तुटपुंज्या जबान्यांतून ते कधी कधी फार मोठे अर्थ काढतात आणि प्रत्येक बंडाला पास्योनची किल्ली लावतात. तरी त्यांनी प्रश्न योग्य जागी ठेवला. रिझाल यांचे समकालीन मार्सेलो देल पिलार यांना त्याचा अंदाज होता. १८८८ च्या सुमारास त्यांनी ‘दोक्त्रिने’तल्या प्रार्थनांची तागालोगमध्येच विडंबने रचली. प्रत्येकाला पाठ असलेले शब्द होते, फक्त रोख धर्मगुरूंकडे वळवलेला. रिझाल स्पॅनिशमध्ये लिहीत होते. त्यांचा वाचक स्पेनमधला उदारमतवादी आणि मनिलातला सुशिक्षित. सान दिएगोच्या चर्चमध्ये प्रवचन ऐकणाऱ्या गावकऱ्याला ‘नोली’मधूनही सुटे शब्दच हाती लागले असते.

पुढचा इतिहास थोडक्यात. १८९८ मध्ये स्पेनची सत्ता गेली. १९०२ मध्ये ग्रेगोरियो आग्लिपाय यांच्या नेतृत्वाखाली रोमपासून फुटलेले स्वतंत्र फिलिपिनो चर्च उभे राहिले. १९०३ मध्ये अमेरिकन सरकारने संघांच्या जमिनी सुमारे ७२ लाख डॉलर देऊन विकत घेतल्या. रिझाल यांचे कुटुंब ज्या डॉमिनिकन जमिनीवरून हुसकले गेले होते, ती कालाम्बाची जमीन त्यांतलीच. १९०६ मध्ये होर्हे बार्लिन हे मूळ फिलिपिनो वंशाचे पहिले बिशप झाले. १५६५ पासून मोजले तर ३४१ वर्षांनी. १९५६ मध्ये रिझाल यांच्या कादंबऱ्या विद्यार्थ्यांना वाचायला लावणारा कायदा झाला, तेव्हा त्याला कॅथलिक धर्मपीठाने कडाडून विरोध केला. आज तिथली मुले त्या भाषांतरांतून वाचतात, कारण स्पॅनिश आता जवळपास कुणालाच येत नाही. पिनपिनच्या वाटेवरचा पहारा उठेपर्यंत त्या वाटेने जायचे ठिकाणच उरले नव्हते.

मिशनरी इतिहासाविषयी आपणही दोनच खणांत विचार करतो. एका खणात भाषेचे उपकारकर्ते, दुसऱ्यात बाटवणारे. स्टीफन्स यांच्याविषयीची आपली चर्चा कित्येकदा या खणांबाहेर येत नाही. फिलिपिन्सच्या अनुभवावरून मला वाटते, धर्मगुरूने भाषेचे काय केले हा अर्धा प्रश्न आहे. ‘क्रिस्तपुराण’ ज्यांनी गोव्यात रविवारी बसून ऐकले, त्यांनी त्यातले वैकुंठ कोणते समजून घेतले, हा उरलेला अर्धा. त्या श्रोत्यांच्या बाजूने लिहिलेला आपला इलेतो अजून व्हायचा आहे.

दामासोच्या पहिल्या गावातल्या त्या बायका कादंबरीत पुन्हा येत नाहीत. त्या चर्चमधून घरी गेल्या असतील, पवित्र आठवड्यात त्यांनी पास्योन गायली असेल. भाषा न येणाऱ्या त्या धर्मगुरूला आपण काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे त्यांना नेमके ठाऊक होते.